साइटवरून वर्गात: कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटच्या एम.टेक.बद्दल

सिव्हिलचं शेवटचं वर्ष संपत आलं की ज्युनिअर मुलं-मुली हमखास विचारतात, "ताई, स्ट्रक्चर घेऊ की कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट?" विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाटत असतं की स्ट्रक्चर, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन, अवघड आणि मॅनेजमेंट सोपं. तेवढं आधी डोक्यातून काढून टाका. मॅनेजमेंटमध्ये डिझाइनची गणितं कमी आहेत, पण वाचायला आणि लिहायला भरपूर आहे. करारपत्रं, मोजमापं, पत्रव्यवहार, वेळापत्रकं यांचा ज्याला मनापासून कंटाळा आहे त्याने इकडे येऊ नये, असं मी स्पष्ट सांगते.

मी पदवीनंतर आधी पुण्यात एका निवासी प्रकल्पावर साइट इंजिनिअर होते आणि मग एम.टेक.ला आले. जमत असेल तर हाच क्रम ठेवा. वर्गात 'रिसोर्स लेव्हलिंग' शिकवतात, म्हणजे हाताशी असलेली माणसं आणि साधनं कामांना पुरवून वेळापत्रक बसवणं. सेंट्रिंगची (स्लॅबखालचे साचे-टेकू उभारणारी) एकच टोळी दोन इमारतींना पुरवताना मुकादमाशी काय बोलणं होतं, हे ज्याने ऐकलंय त्याला तो धडा पहिल्याच तासाला कळतो. थेट पदवीवरून आलेल्यांना तो बराच काळ कागदावरच राहतो. वर्षभराची नोकरी शक्य नसेल तर निदान सुट्टीत एखाद्या साइटवर रोज जा, आणि ऑफिसच्या केबिनमध्ये न बसता स्लॅबवर उभे राहा.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, पवईची आयआयटी इथे हा विषय सिव्हिलच्या पदव्युत्तर शिक्षणात आहे आणि त्यासाठी गेट ही प्रवेश परीक्षा द्यावी. गेटच्या सिव्हिलच्या अभ्यासक्रमात पर्ट, सीपीएम (कामांची साखळी आखून वेळापत्रक करायच्या दोन पद्धती) आणि खर्चाचा अंदाज हे घटक आहेतच, म्हणजे हा विषय आवडतो का तेही तयारी करताना समजतं. पुण्यात बालेवाडीचं निकमार ही बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी संस्था बांधकाम उद्योगानेच पुढाकार घेऊन १९८३ मध्ये उभी केलेली. तिथला भर कंपन्यांच्या गरजांवर जास्त आहे आणि फीही त्या मानाने जास्त. घरची परिस्थिती बेताची असेल तर गेटचा स्कोअर आणि त्यावर मिळणारं विद्यावेतन यांच्या मागे लागा.

पहिल्या सत्रात नेटवर्क शिकवतात, म्हणजे कुठलं काम कुठल्या कामानंतर येतं याचा आराखडा. क्रिटिकल पाथची पद्धत (सीपीएम) १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या कारखान्यांसाठी तयार झाली, आणि साधारण त्याच सुमाराला तिथल्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट वापरलं. परीक्षेपुरतं हे सोपं आहे. खरी समजूत यायला हवी ती फ्लोटची, म्हणजे पूर्ण प्रकल्प न लांबवता एखादं काम किती मागे ढकलता येतं याची. खोदाई, पीसीसी (तळाचं बिनसळईचं काँक्रीट), फुटिंग (पाया), कॉलम, प्लिंथ (जोतं) ही साखळी एकमेकांना बांधलेली आहे. कंपाउंड वॉल महिनाभर मागे-पुढे झाली तरी इमारत थांबत नाही, तिच्याकडे फ्लोट आहे. खोदाईकडे तो नाही. त्यातून आपल्याकडे सात जूनच्या आसपासची तारीख डोळ्यांसमोर ठेवूनच वेळापत्रक करावं लागतं. मे महिन्यात खोदाई दहा दिवस लांबली तर नुकसान दहा दिवसांवर थांबत नाही. खड्ड्यात पाणी भरतं, पंप लावावे लागतात, कडा ढासळतात, आणि पीसीसीला कोरडी जागाच मिळत नाही.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय ते सांगते. हा अभ्यासक्रम घेताना सर्वाधिक लक्ष करार आणि मोजमाप या दोन विषयांना द्या. बहुतेक जण उलट करतात आणि प्रायमावेरा या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरच्या मागे धावतात.

खोदाईचंच उदाहरण पुढे नेते. पुण्यात थोडं खाली गेलं की कातळ लागतो. निविदेत माती, मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक यांचे दर वेगवेगळे असतात, आणि कठीण खडकाचा दर मातीच्या कितीतरी पट. आता किती खोलीवर कुठला थर लागला, हे कोण ठरवणार? थर बदलला की मालकाच्या आणि कंत्राटदाराच्या इंजिनिअरने एकत्र उभं राहून लेव्हल (खोलीची मापं) घ्यायच्या, फोटो काढायचे, त्याच दिवशी कागदावर सह्या करायच्या. एकदा का त्यावर पीसीसी पडलं की खाली काय होतं ते कुणालाही दिसत नाही, आणि बिलाच्या वेळी उरतो फक्त तो कागद. नाही तर उरतो वाद. करार कायद्याच्या तासाला मी हे उदाहरण मनात धरूनच बसायचे.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्यातलं वेळेबद्दलचं कलम ५५ आणि नुकसानभरपाईची कलमं ७३ आणि ७४ नीट वाचा. उशीर झाला म्हणून कंत्राटदाराकडून ठरलेली रक्कम कापता येते का, कितपत येते, हे या कलमांभोवती फिरतं. मोठ्या, विशेषतः परदेशी कर्जाच्या प्रकल्पांत फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नमुना करार येतात. त्यात दाव्याची नोटीस अडचण कळल्यापासून २८ दिवसांत द्यावी लागते. ती चुकली तर मागणी कितीही रास्त असली तरी हातची जाऊ शकते. म्हणूनच साइटवर हिंडरन्स रजिस्टर (अडथळ्यांची नोंदवही) ठेवतात: ड्रॉइंग कधी मागितलं, कधी आलं, पावसाने काम किती तास बंद होतं, जागेचा ताबा कधी मिळाला. मुदतवाढ मागताना पहिल्यांदा हेच रजिस्टर उघडतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी मुद्दाम एक गोष्ट. करारांची इंग्रजी सुरुवातीला अंगावर येते. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं असतं. मी प्रत्येक कलमासमोर तीनच गोष्टी मराठीत लिहायचे: कुणी करायचं, किती दिवसांत करायचं, नाही केलं तर काय. पहिल्या सत्राअखेर ती भीती गेली. ही पद्धत जरूर वापरून बघा, इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा तुमचा करारांचा विषय जास्त पक्का होईल.

मोजमापाचा विषय अनेकांना कारकुनी वाटतो. तो तसा नाही. आयएस १२०० या भारतीय मानकात कुठलं काम कसं मोजायचं, भिंतीतली केवढी उघडी जागा वजा करायची, याचे नियम आहेत आणि नफा-तोटा तिथेच ठरतो. सळईचं मीटरमागे वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे सगळ्यांना पाठ असतं. १६ मिलीमीटरची सळई मीटरला साधारण १.५८ किलो. पण बार बेंडिंग शेड्यूल (सळया कापायचा-वाकवायचा तक्ता) आणि साइटवर आलेलं स्टील यांच्यातला फरक कुठे गेला, हे शोधायला तुकडे, लॅपिंग (सळयांचे एकावर एक जोड), चेअर (वरची सळई उचलून धरणारे तुकडे), वजनकाट्याची पावती असं सगळं बघावं लागतं. वाळू आणि खडी आपल्याकडे अजून ब्रासमध्ये बोलतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. हे रूपांतर तोंडपाठ ठेवा, कारण सप्लायर ब्रासमध्ये बोलेल आणि तुमचं बिल घनमीटरमध्ये असेल.

अर्न्ड व्हॅल्यूचं, म्हणजे झालेल्या कामाच्या किमतीशी वेळ आणि खर्च ताडून बघण्याच्या पद्धतीचं, एक उदाहरण देते. एकूण काम १० कोटींचं. आजपर्यंत ४ कोटींचं व्हायला हवं होतं, झालंय ३.२ कोटींचं, आणि खर्च झालाय ३.६ कोटी. काम वेळापत्रकाच्या ०.८ पट वेगाने चाललंय, आणि खर्चाच्या रुपयामागे ८९ पैशांचं काम मिळतंय. असंच चालू राहिलं तर हे काम सव्वाअकरा कोटींना पडेल. या पद्धतीचं मोल मला फार वाटतं, कारण ती वाईट बातमी वेळेत सांगते. मात्र 'झालेलं काम' प्रामाणिकपणे मोजलेलं हवं. सळई बांधून झालेल्या स्लॅबला ऐंशी टक्के काम झालं म्हणणारे लोक आहेत, त्यांच्या आकड्यांवर कुठलंच सूत्र चालत नाही.

सॉफ्टवेअर शिकाच, एमएस प्रोजेक्ट आणि प्रायमावेरा दोन्ही. एका सत्रात होतं. बीआयएमही (इमारतीचं सगळ्या माहितीसकट संगणकावरचं मॉडेल) वाढतंय.

प्रबंधाबद्दल मात्र आग्रहाने सांगते. 'विलंबाची कारणं' घेऊन प्रश्नावली पाठवायची, आलेल्या उत्तरांना क्रमांक लावायचे, असे प्रबंध ग्रंथालयात कपाटभर आहेत. त्यात आणखी एकाची भर घालू नका. त्यापेक्षा स्वतः काहीतरी मोजा. एएसी ब्लॉकच्या (हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंतीला एका गवंड्याची आणि बिगाऱ्याची जोडी दिवसाला किती काम करते, मजला वाढला की ते किती घटतं, आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी गेटपासून पंपापर्यंत किती वेळ उभी राहते. घड्याळ आणि वही एवढंच लागतं. अशा मोजणीत तुम्ही कामगारांशी बोलता, आणि कळतं की काम मंदावलंय ते माणसांमुळे नव्हे, तर माल वर न पोहोचल्यामुळे.

त्याच ओघात कामगारांच्या नोंदणीचीही माहिती करून घ्या. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो लिहून द्यायला दहा मिनिटं पुरतात, आणि त्यावर त्या माणसाच्या मुलांची शिष्यवृत्ती अवलंबून असते. अभ्यासक्रमात हा भाग परीक्षेपुरता येतो, मला तो मुख्य वाटतो.

नोकऱ्या साधारण प्लॅनिंग, बिलिंग, करार आणि पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापनाची सल्लागार कंपनी) या चार बाजूंना मिळतात. मुलींना घरून आणि कधी कंपनीकडूनही 'ऑफिसचं काम घे' असा सल्ला मिळतो. पहिली दोन वर्षं तरी साइटच मागून घ्या, आणि होकार देण्याआधी तिथे स्वच्छतागृह आणि येण्याजाण्याची सोय आहे का, हे सरळ विचारा. मुलाखतीत सहसा विचारतात: तुमच्या साइटवर एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंत किती दिवस लागायचे, आणि ते कमी का होत नव्हते? याचं उत्तर आकड्यांसकट देता यावं म्हणून इंटर्नशिपच्या पहिल्या दिवसापासून रोज रात्री वहीत तारीख, हवामान, माणसांची संख्या आणि झालेलं काम लिहीत जा.