बेसबॉल मैदानाचा जुना पॅनोरामा: पारखावा कसा, उलगडावा कसा

फेनवे पार्क, पोलो ग्राउंड्स, फोर्ब्स फील्ड अशा अमेरिकेतल्या बेसबॉल मैदानांचे लांबलचक जुने फोटो, म्हणजे पॅनोरामा, बाजारात येतात, ते बहुतेक ‘सर्कट’ कॅमेऱ्याचे. 1904 साली पेटंट मिळालेला हा कॅमेरा ट्रायपॉडवर फिरे आणि आतली फिल्म उभ्या फटीमागून उलट्या दिशेनं सरके. म्हणूनच सरळ भिंत फोटोत धनुष्यासारखी वाकलेली दिसते. तो दोष नव्हे.

आधी उंची मोजा. हे फोटो मोठे करून छापत नसत, निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छाप घेत. त्यामुळे उंची फिल्मच्या रुंदीएवढी, म्हणजे 5, 6, 8, 10 किंवा 16 इंच भरते. कडा कापल्या असतील तर किंचित कमी. मग दहापट भिंग लावा. राखाडी छटांत ठिपके दिसले तर ती छापील नक्कल. मजकूर निगेटिव्हवर काळ्या शाईनं लिहीत, म्हणून अस्सल फोटोत अक्षरं पांढरी उमटतात. अंधारात अतिनील टॉर्च मारल्यावर कागद निळसर पांढरा चमकला, तर तो साधारण 1950 नंतरचा. कागद चमकला नाही, एवढ्यावरून मात्र तो जुना ठरत नाही.

विक्रेत्यानं सांगितलेल्या सालापेक्षा मैदानावर विश्वास ठेवा. फेनवेच्या डाव्या भिंतीपुढचा मातीचा चढ 1934 च्या सुमारास काढला, आणि भिंतीवरच्या जाहिराती जाऊन हिरवा रंग 1947 मध्ये आला. शिकागोच्या रिगली फील्ड मैदानाच्या भिंतीवर वेल दिसला तर फोटो 1937 किंवा त्यानंतरचा.

फोटो घट्ट गुंडाळलेला आला की हात आवरा. कागदावर चित्र धरून ठेवणारा थर जिलेटिनचा असतो, आणि सुकलेलं जिलेटिन कागदापेक्षा जास्त आकसतं; जोर लावला की फोटोला आडव्या भेगा जातात आणि त्या कायमच्या. आधी दमट हवेत ती मऊ होऊ द्या: झाकणाच्या मोठ्या ड्रममध्ये दोन इंच स्वच्छ पाणी घाला. त्यात एक कोरडी लहान बादली ठेवून गुंडाळी तिच्यात उभी करा. झाकणाला आतून टीपकागद चिकटवा, नाहीतर साचलेल्या वाफेचा थेंब नेमका फोटोवर पडतो. तीन-चार तासांनी पाहा, मग तासातासाला. कड बोटानं हलकेच सुटली की बाहेर काढा. चित्राच्या बाजूला पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड, दोन्हीकडे टीपकागद, वर सपाट वजन. टीपकागद तासाभरानं बदला, पुढे आठवडाभर रोज. ओलं जिलेटिन नुसत्या टीपकागदाला चिकटतं, म्हणून ते कापड वगळू नका. बुरशी असेल, थर सुटत असेल किंवा फोटो हातानं रंगवलेला असेल, तर हे घरी करूच नका, जुने फोटो जपणाऱ्या तज्ज्ञ संवर्धकाकडे द्या.

ठेवायला आम्लमुक्त खोका किंवा पॉलिएस्टरचं पाकीट, पीव्हीसी नको. फ्रेम करताना काच आणि फोटो यांत माउंटची, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाड पट्टी घालाच. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात काचेला टेकलेलं जिलेटिन तिलाच चिकटतं, आणि काच काढताना मैदानाचा तुकडा तिच्याबरोबर जातो.