अदलाबदल झालेली मनं मूळ शरीरांत कशी परत आणावीत

‘फ्युचरामा’ या अ‍ॅनिमेटेड विनोदी मालिकेतला ‘द प्रिझनर ऑफ बेंडा’ हा भाग २०१० सालचा. त्यातलं यंत्र दोन शरीरांतल्या मनांची अदलाबदल करतं; मात्र त्याच दोन शरीरांवर ते पुन्हा चालत नाही. मग सगळ्यांनी घरी परतायचं कसं? त्यासाठी लेखक केन कीलर यांनी खास प्रमेय सिद्ध केलं. ‘दोन नवी माणसं आणली की सुटतं’ एवढंच सांगणाऱ्या लेखांचा मला कंटाळा आलाय. खरी गोष्ट त्या दोघांच्या क्रमात आहे.

कोणाचं मन कुठे आहे ते लिहा आणि त्याची चक्रं पाडा. चार जणांचं चक्र घेऊ: १ चं मन २ मध्ये, २ चं ३ मध्ये, ३ चं ४ मध्ये, ४ चं १ मध्ये. यंत्राला अजून न शिवलेले दोघे घ्या, क्ष आणि य.

आता नीट लक्ष द्या. पुढचे सगळे आकडे शरीरांचे आहेत, मनांचे नाहीत. बंदी शरीरांच्या जोडीवर आहे. मनांच्या नावानं नोंद ठेवलीत तर तिसऱ्या चालीलाच गोंधळ होईल.

क्ष–१, य–२, क्ष–४, क्ष–३, य–१, क्ष–२. याच क्रमानं.

य दुसऱ्याच चालीला का? क्ष एकटाच १, ४, ३, २ असा फिरला, तर १ चं मन त्याच्याकडे येतं आणि क्ष–१ ही जोडी आधीच वापरलेली असते. ‘मग तेव्हा य ला बोलवू’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. क्ष–य आणि मग य–१ केलं की चक्र सुटतं खरं, पण क्ष आणि य एकमेकांच्या शरीरात राहतात आणि त्यांची जोडीही संपलेली असते. क्ष–य ही चाल अगदी शेवटासाठी राखून ठेवा.

चक्र मोठं असेल तर फक्त मधला भाग लांबतो: शेवटच्या शरीरापासून ३ पर्यंत क्ष उलटा उतरत जातो. दोघांचं चक्र असेल तर मधला भागच नाही. प्रत्येक चक्राला शरीरांच्या संख्येपेक्षा दोन चाली जास्त लागतात.

प्रत्येक चक्रानंतर क्ष आणि य यांची मनं आपसांत बदलतात. चक्रांची संख्या विषम असेल तर शेवटी एकदा क्ष–य करा, सम असेल तर नको. मालिकेत सात आणि दोन जणांची चक्रं होती: ९ + ४ = १३ चाली, आणि क्ष–य ची गरजच पडली नाही.

पडताळा घ्यायला क्रमचयाचं, म्हणजे मनांच्या फेरमांडणीचं, चिन्ह वापरा; ते +१ किंवा −१ असतं. ते होमोमॉर्फिझम आहे: क्रमचय एकामागून एक केले की चिन्हांचा गुणाकार होतो, आणि प्रत्येक अदलाबदलीचं चिन्ह −१. सगळी मनं घरी परतली की एकूण चिन्ह +१ असतं. म्हणून आधीच्या अदलाबदली आणि तुमच्या चाली मिळून बेरीज सम यायलाच हवी. विषम आली, तर एखादी चाल निसटली आहे किंवा जास्तीची झाली आहे. बहुतेकदा ती क्ष–य असते.