न्यू जर्सीच्या पाण्याकाठच्या स्टेट पार्कांत एक दिवस: या चुका टाळा

जुलैतला शनिवार, सकाळचे साडेअकरा. आयलंड बीच स्टेट पार्कच्या गेटपाशी कर्मचारी हाताने खूण करतोय: पार्क भरलं, गाडी वळवून घ्या. मागच्या सीटवर पोरं पोहायचे कपडे घालूनच बसलेली, आजीच्या मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, आणि एडिसनहून तासभर गाडी चालवून आलेला बाप आता कुठे जायचं ते फोनवर शोधतोय. दर उन्हाळ्यात आपल्या ओळखीतल्या कुणाचा तरी शनिवार असा जातो. आणि हे टाळणं अगदी सोपं आहे.

हे पार्क म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामधली साधारण १० मैल लांबीची वाळूची चिंचोळी पट्टी. गाड्या लावायची जागा मोजकी आहे. ती भरली की गेट बंद होतं आणि पुन्हा कधी उघडेल ते कुणीच सांगू शकत नाही. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी हे दुपारच्या आतच होतं. म्हणून साडेआठच्या सुमारास गेटपाशी असा, नाहीतर दुपारी चारनंतर जा. संध्याकाळचं ऊन सौम्य असतं, लहान मुलांना आणि आजी-आजोबांना तेच सोसतं. मात्र साधारण सहाच्या सुमारास लाइफगार्ड उठतात, तेव्हा उशिरा जाणाऱ्यांनी पोहण्याचा बेत आखडता घ्यावा. आठवड्यातला एखादा दिवस सुट्टी काढता आली तर फारच उत्तम. निघायच्या आधी पार्कच्या अधिकृत पानावर किंवा फोनवर स्थिती बघून घ्या, आणि दुसरं ठिकाण आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. बंद गेटसमोर गाडीत पाच जणांची पाच मतं निघतात, त्यात तास जातो.

दुसरं ठिकाण ठरवताना बरेच जण एक गफलत करतात. सँडी हूकचा समुद्रकिनारा राज्याचा नाही, केंद्राच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, त्यामुळे राज्याचा वार्षिक पास तिथे चालत नाही. किनाऱ्यावरच्या अनेक गावांच्या बीचवर माणशी बॅज, म्हणजे प्रवेशाचा बिल्ला, विकत घ्यावा लागतो, तर आयलंड बीचला पैसे गाडीमागे. आठ जणांचं कुटुंब असेल तर हा फरक खिशाला जाणवतो.

पाण्याकडे नेमकं कोण बघतंय?

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. बाकीच्या चुकांनी दिवस वाया जातो, हिने माणूस जातो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पाच कुटुंबं एका तळ्यावर गेलो होतो. दहा मोठी माणसं, नऊ पोरं. काठावर चटया पसरलेल्या, कोणी भेळ कालवतंय, कोणी कोळसा पेटवतंय, गप्पा रंगलेल्या. पोरं पाण्यात, आणि सगळे पाण्याच्या दिशेने तोंड करूनच बसलेले. आमच्यातली चार वर्षांची एक मुलगी गुडघाभर पाण्यातून दोन पावलं पुढे गेली आणि तिथे तिला पाणी गळ्याच्या वर आलं. ती ओरडली नाही. हात हलवून कोणाला बोलावलं नाही. मान मागे टाकलेली, ओले केस डोळ्यांवर आलेले, ओठ पाण्याच्या बरोबर पातळीला, आणि दोन्ही हात बाजूंना पसरून ती पाणी खाली दाबत होती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोर खेळतेय. आमच्यातली नसलेली, अनोळखी एक बाई शेजारून चालली होती, तिने तिला बखोटीला धरून वर उचललं. दहा मोठ्यांपैकी एकालाही कळलं नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे नऊ जण बघताहेत.

बुडणारं माणूस "वाचवा" म्हणून ओरडत नाही. श्वास घेण्यातच त्याची सगळी ताकद जाते, ओरडायला हवा उरत नाही. लहान मूल अर्ध्या-एक मिनिटात पाण्याखाली जाऊ शकतं. लाइफगार्ड असला तरी त्याच्यासमोर शंभर डोकी असतात.

तेव्हापासून आमच्याकडे एक लाल टोपी आहे. ज्याच्या डोक्यावर लाल टोपी, तो पाण्याकडे बघणार. पंधरा मिनिटं. त्या वेळात फोन पिशवीत, गप्पा बंद, ताट हातात घ्यायचं नाही. पंधरा मिनिटं झाली की टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची आणि "आता तू" असं तोंडाने म्हणायचं. पाच वर्षांखालच्या मुलांचं गणित वेगळं: त्यांच्याबरोबर एक मोठं माणूस पाण्यातच हवं, हात लांब केला की मूल हाताला लागेल इतक्या अंतरावर. दंडात घालायच्या फुग्यांवर भरवसा ठेवू नका, ते निसटतात. कोस्ट गार्डने मान्यता दिलेलं लाइफ जॅकेट घ्या, मुलाच्या वजनाप्रमाणे. बोटीत किंवा कयाकमध्ये बसणार असाल तर १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते घालणं न्यू जर्सीत कायद्यानेच बंधनकारक आहे.

विहिरीतलं पोहणं समुद्रात पुरत नाही

आपल्यातले कितीतरी जण गावाकडे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. दम चांगला असतो, भीती मोडलेली असते. पण विहिरीचं पाणी माणसाला कुठे ओढून नेत नाही. अटलांटिकच्या किनाऱ्यावर रिप करंट असतात, म्हणजे किनाऱ्याकडून आत खेचणारी पाण्याची ओढ. चांगला पोहणारा तिच्याविरुद्ध जोर लावतो, दमतो आणि बुडतो.

ती ओढ ओळखायची कशी? दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, जरा गडद दिसतोय, फेस आत समुद्राकडे चाललाय, तर तीच जागा. "इथे लाटा कमी आहेत, पोरांना इथे सोडू" असं म्हणून लोक नेमकी तीच निवडतात. सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करून मदत मागा, जमेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या आणि मग तिरके काठाकडे वळा. दुसरा कोणी सापडला तर मागोमाग उडी टाकू नका. लाइफगार्डला हाक मारा, आणि बर्फाचा रिकामा कूलर, मोठा चेंडू, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेका. आयलंड बीचला लाइफगार्ड सगळ्या १० मैलांवर नसतात, ठरवून दिलेल्या भागातच असतात. पोहायचं तिथेच, आणि ते हजर असतानाच.

थंडीचाही विचार करा. मेमोरियल डेला, म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारी, हवा उन्हाळी असते, पण समुद्राचं पाणी १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. एकदम उडी मारली तर श्वास अडकतो. भर जुलैतही दक्षिणेकडचा वारा दोन-तीन दिवस वाहिला की खालचं गार पाणी वर येतं आणि कालपर्यंत कोमट असलेला समुद्र बर्फासारखा लागतो. पाय, मग गुडघे, मग कंबर, असं हळूहळू उतरा.

तळी शांत दिसतात म्हणून ती सोपी समजू नका. राउंड व्हॅलीचं पाणी इतकं नितळ आहे की तळ हाताशी असल्यासारखा वाटतो, पण हा जलाशय सर्वांत खोल जागी १८० फूट आहे, म्हणजे अठरा मजली इमारत उभी मावेल इतका. दोरीने आखलेल्या भागाबाहेर जाऊ नका. आणि साडी, ओढणी, जीन्स घालून "नुसते पाय बुडवायला" म्हणत कमरेपर्यंत जाणं थांबवा. भिजलेलं कापड पायांत गुंतलं की उभं राहता येत नाही.

पाणी हिरवं दिसलं तर

पालकाच्या पातळ भाजीसारखा रंग, काठाला हिरवा-निळा तवंग, कुबट वास. असं दिसलं तर पाण्यात हातही घालू नका. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळे-हिरवे सूक्ष्म जीवाणू असतात. कडक ऊन, साचलेलं पाणी आणि आसपासच्या लॉनवरून पावसाने वाहून आलेलं खत मिळालं की ते झपाट्याने वाढतात. त्यातल्या काहींच्या विषाने पुरळ, उलट्या, पोटदुखी होते. २०१९च्या जूनमध्ये राज्यातल्या सगळ्यात मोठ्या तळ्याला, लेक होपॅटकाँगला, राज्याच्या पर्यावरण खात्याने पाण्याशी संपर्क टाळा असा इशारा दिला होता आणि तिथल्या लोकांचा तो उन्हाळा गेला. तेव्हा तळ्यावर जायच्या आधी पोहणं चालू आहे का एवढं बघाच. अंगाला पाणी लागलंच तर स्वच्छ पाण्याने लगेच धुवा, आणि कुत्र्याला ते पाणी पिऊ देऊ नका.

डबा, कचरा आणि कोळसा

खाण्याबद्दल आपल्याला फार शिकवायला नको. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, चिवडा हे प्रवासाचेच पदार्थ. गडबड होते ती दहीभात, श्रीखंड आणि मॅरिनेट केलेल्या चिकनची. बर्फाबाहेर दोन तास, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, त्यानंतर ते टाकून द्या. पाण्याच्या बाटल्या वेगळ्या कूलरमध्ये ठेवा. तो सारखा उघडला जातो, वेगळा असला की खाण्याचा बर्फ टिकतो.

न्यू जर्सीच्या स्टेट पार्कांत कचरापेट्या शोधत बसू नका. आणलेला कचरा आपणच परत न्यायचा असा नियम आहे, तेव्हा घट्ट बांधता येतील अशा दोन-तीन मोठ्या पिशव्या घरूनच घ्या. दारूला बंदी आहे, धूम्रपानालाही. कोळसा वाळूत पुरू नका. वरून राख दिसत नाही, आत निखारा तासन्‌तास धगधगत असतो आणि अनवाणी धावणाऱ्या कुठल्यातरी पोराचा पाय त्यावर पडतो. पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओता. मंडळाची सहल असेल तर मोठ्या गटासाठीची परवानगी आणि शेड काही आठवडे आधी बघून ठेवा.

भारतातून आलेल्या आजी-आजोबांची मऊ वाळूत चालताना दमछाक होते. आयलंड बीचला वाळूवर चालणारी रुंद चाकांची खुर्ची मिळते, पोचल्याबरोबर विचारा. गडगडाट ऐकू आला तर सगळे गाडीत. पिकनिकची उघडी शेड विजेपासून वाचवत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्याकडे फिरकायचं नाही.

तीन पानं, कोल्हा आणि खसखस

आयलंड बीचला तांबडे कोल्हे दिवसाढवळ्या दिसतात आणि गाडीजवळ येऊन आशेने बघतात. पोळीचा तुकडा टाकायचा मोह होतो. टाकू नका. माणसाच्या हाताची सवय लागलेला कोल्हा रस्त्यावर येतो आणि गाडीखाली सापडतो. वाळूच्या टेकड्यांवर चढणंही मना आहे. तिथलं गवतच ती वाळू धरून ठेवतं.

पायवाटेच्या कडेला बेलासारखी तीन-तीन पानं दिसली की मुलांना मागे खेचा. ते पॉयझन आयव्ही. आपल्याकडे बिब्बा उततो, अगदी तसंच हे अंगावर उततं. योगायोग नाही, बिब्बा, काजू, आंबा आणि हे झुडूप एकाच कुळातलं आहे. पान लागलंय असं वाटलं तर साबण आणि भरपूर पाण्याने लगेच धुवा. बूट आणि कपडेही धुवा, कारण त्याचं तेल कापडावर टिकून राहतं.

आणि गोचीड. लाइम रोग पसरवणाऱ्या हरणावरच्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. लाइम रोगाचे रुग्ण जास्त असलेल्या राज्यांत न्यू जर्सी आहे, म्हणून घरी आल्यावर सगळे कितीही दमलेले असोत, झोपायच्या आधी मुलांची गुडघ्यामागची बाजू, जांघा, काखा, कंबर, कानामागे आणि केसांत उजेडात नीट बघा. सापडली तर तेल लावू नका, काडीने चटका देऊ नका. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. जंतू अंगात जायला सहसा २४ तासांहून जास्त वेळ लागतो, म्हणून त्याच रात्री काढलेली गोचीड फारसं नुकसान करत नाही. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना तारखेसह सांगा. कोरडे कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये मोठ्या आचेवर १० मिनिटं फिरवा, गोचिडी त्यातच मरतात.