रॉटवायलर आणताय? आधी या चुका टाळा

रॉटवायलर (लाडाने रॉटी) हा मोठ्या जातीचा कुत्रा आणायचा हे बहुतेक घरांत एकच माणूस ठरवतो आणि दिवसभर त्याच्यासोबत राहायला मात्र दुसरंच कोणीतरी असतं. बाबा किंवा थोरला मुलगा रील्स बघून पेटतो, पिल्लाचा ॲडव्हान्स देऊन टाकतो, आणि सकाळी साडेनऊला तो ऑफिसला गेला की घरात उरतात आई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी, दुपारी शाळेतून येणारी धाकटी आणि धुण्याभांड्याच्या मावशी. म्हणून "रॉटी फॅमिलीला चालतो का हो" असं कोणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, घरात सगळ्यात कमी ताकद कोणाची आहे आणि ती व्यक्ती एकटी असताना कुत्रा तिचं ऐकेल का? याचं उत्तर "बघू, होईल सवय" असं आलं तर अजून थांबा.

पिल्लू बघून ठरवणं

दीड-दोन महिन्यांचं रॉटीचं पिल्लू बघून कोणीही विरघळतं, त्यात काही चूक नाही. पण पूर्ण वाढलेला नर ५० किलोच्या आसपास जातो, मादी ४०-४२, आणि काही नर त्याच्याही वर. वर्षभरात हे वजन जवळपास येतं पण डोकं अजून पोराचंच असतं, आठ महिने ते दीड-दोन वर्षं हा काळ सगळ्यात वांड. तो प्रेमाने जरी आजीच्या अंगावर टेकला तरी आजी पडते. रॉटीला माणसाला टेकून उभं राहायची, ढुंगणाने ढकलायची सवय असते, आणि ती उगाच नाही, जर्मनीतल्या रॉटवाइल गावाकडचे खाटीक या कुत्र्यांकडून गुरं हाकून घ्यायचे, गाड्या ओढून घ्यायचे. पुढे १९१० च्या सुमारास तिथल्या पोलिसांनीही तो कामाला घेतला. म्हणजे ढकलणं, अडवणं आणि परक्यावर लक्ष ठेवणं हे त्याच्या रक्तात आहे, ते तुम्ही ट्रेनर लावून पुसू शकत नाही, फक्त वळण लावू शकता.

त्यामुळे पिल्लू बघायला जाल तेव्हा पिल्लापेक्षा त्याच्या आईला जास्त वेळ बघा. ती अनोळखी माणसाला किती वेळात स्वीकारते, मालकाने बोलावलं की येते का, की लांबूनच साखळीला झटके देतेय? "आई गावाला आहे, फोटो पाठवतो" असं सांगितलं की सरळ निघा. दोन्ही पालकांच्या खुब्यांचे एक्स-रे आहेत का विचारा, कारण हिप डिस्प्लेझिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) या जातीत बराच आढळतो, आणि केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद म्हणजे फक्त वंशावळ, तब्येतीची गॅरंटी नाही. हे कोणी आपणहून सांगत नाही म्हणून सांगतोय.

४५ दिवसांचं पिल्लू घेणं

आपल्याकडे "४५ दिवसांचं तयार पिल्लू" हे इतकं सर्रास चालतं की लोकांना तोच नियम वाटतो. २०१७ च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे आणि ब्रीडरला राज्याच्या ॲनिमल वेल्फेअर बोर्डाकडे नोंदणी लागते. नियम राहू द्या, पण ते शेवटचे दीड आठवडे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून चावा किती जोरात घ्यायचा हे शिकत असतं. ते न शिकलेला रॉटी मोठेपणी खेळता खेळता हात धरतो तेव्हा रक्तच काढतो.

आणि घरी आणल्यावरची उलटी चूक म्हणजे सगळी लसीकरणं होईपर्यंत त्याला घराबाहेर अजिबात न काढणं. पार्व्होची (पिल्लांच्या जीवावर बेतणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या विषाणूची) भीती खरी आहे, रॉटीत तर जास्तच, त्यामुळे रस्त्यावर, ग्राउंडवर खाली सोडू नका. पण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंतचा काळ हाच माणसं, आवाज, रिक्षा, छत्री, हेल्मेट, काठी घेतलेला वॉचमन हे सगळं नॉर्मल आहे असं शिकायचा. कडेवर घ्या, गाडीत बसवा, सोसायटीच्या गेटवर दहा मिनिटं उभे राहा. हे झालं नाही की वर्षभराने लोक म्हणतात, "कुरिअरवाल्यावरच का भुंकतो कळत नाही."

कॅल्शियमचं सिरप

हे घराघरात आहे. फ्रिजवर औषधांच्या डब्यात एक मोठी बाटली, रोज दोन चमचे, वर दूध आणि उकडलेली अंडी, "हाडं मजबूत व्हायला हवीत, मोठा कुत्रा आहे." मोठ्या जातीच्या पिल्लाला हेच सगळ्यात जास्त नडतं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम नीट अडवू शकत नाही, ते शोषलं जातं, आणि हाडांची, सांध्यांची वाढ वेडीवाकडी होते. चांगल्या कंपनीचं लार्ज ब्रीड पपीचं खाणं देत असाल तर वरून सिरप नको, घरचं चिकन-भात देत असाल तर मात्र डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या, शेजाऱ्यांकडून नाही. आणि गुबगुबीत ठेवू नका. बरगडीवर हात फिरवला तर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत, डोळ्याला दिसायला नकोत.

सहा-सात महिन्यांचा कुत्रा मागच्या पायाने सशासारखा उड्या मारत पळतोय, उठताना वेळ लावतोय, जिना टाळतोय असं दिसलं तर "वाढीचं दुखणं" म्हणून सोडून देऊ नका, एक्स-रे काढा. तोवर घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर, निदान त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, रबरी मॅट टाका. बॉल फेकून पळवणं बंद, सावकाश चालणं चालू.

फिरवायचं कोणी ते न ठरवणं

संध्याकाळी ग्राउंडवर हे रोज दिसतं, आई किंवा काकू पट्टा मनगटाला दोन वेढे मारून धरून चालल्यात आणि समोरून भटकं कुत्रं आलं की दोघं एकत्र ओढले जातात. वेढे मारू नका, मनगट मोडतं. छातीवर हुक असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगावर घालायचा पट्टा) घ्या, कुत्र्याने ओढलं की थांबा, पट्टा सैल झाला की चला. पहिले आठवडे गेटपर्यंत पोहोचायला पंधरा मिनिटं लागतील, लागू द्या. पण हे त्याचं वजन १५-२० किलो असताना सुरू करायचं, ५० झाल्यावर नाही, आणि घरातल्या सगळ्यांनी करायचं. ट्रेनर आला, अर्धा तास त्याने "सिट-स्टे" करून घेतलं आणि गेला, याने कुत्रा ट्रेनरचं ऐकायला शिकतो. ट्रेनरला सांगा, मला शिकवा, माझ्या आईला शिकवा.

घ्यायच्या आधीची एक परीक्षा सांगतो. "मी फिरवेन" म्हणणाऱ्याने जुलै महिना रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाऊण-पाऊण तास, कुत्रा नसतानाच, चालून दाखवायचं. पावसात. पंधरवड्यातच बऱ्याच घरांत विषय संपतो.

गुरगुरला की फटका मारणं

गुरगुरणं म्हणजे "लांब हो" ही सूचना आहे. ती मारून बंद केली तर राग जात नाही, सूचना जाते, आणि मग "काहीही न करता अचानक चावला" असं ऐकायला मिळतं. खाताना गुरगुरत असेल तर भांडं काढून घेऊ नका, जाता जाता लांबून त्यात चिकनचा तुकडा टाका आणि निघून जा, असं दिवसेंदिवस करा. मुलांना खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळ जाऊ देऊ नका, आणि दहा वर्षांखालचं मूल आणि कुत्रा यांना खोलीत एकटं सोडू नका, तो कितीही गुणी असू दे. गळ्यात पडून फोटो काढणं तर विसराच.

आता गंमत अशी की खूश असला, पोटावर खाजवलं की रॉटी घशातून घर्रर्र असा आवाज काढतो आणि नवीन लोक घाबरून त्यालाही ओरडतात. अंग बघा. सैल, लोळतोय, डोळे अर्धे मिटलेत तर तो लाडात आहे. अंग ताठ, तोंड बंद, नजर स्थिर झाली तर बाजूला व्हा, आणि असं वारंवार होत असेल तर आधी डॉक्टर, कारण दुखत असलेला कुत्रा पण चिडतो, मग वर्तनाचं काम करणारा ट्रेनर.

गणपतीचे दिवस घ्या. पन्नास माणसं येणार, अनोळखी, बूट काढून घरात शिरणार, आरतीला टाळ. त्याला बेडरूममध्ये बंद करून दारावर उड्या मारू देण्यापेक्षा महिनाभर आधीपासून एका खोलीत, मॅटवर, चघळायला काहीतरी देऊन शांत बसायची सवय लावा.

ऊन, गोचीड, पोट

काळा कुत्रा, मे महिना, दुपारी बाल्कनी, हे नको. सकाळी सातच्या आत, रात्री आठनंतर. धाप थांबतच नसेल, जीभ लालभडक, पाय लटपटत असतील तर साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि दवाखाना गाठा. पावसाळ्यात गोचीड तापाने चांगले धडधाकट कुत्रे चार दिवसांत झोपतात, औषध बारा महिने चालू ठेवा. आणि पोट फुगलंय, ओकायला जातोय पण फेसच पडतोय, सारखा उठबस करतोय असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, जठराला पीळ पडला असू शकतो, त्यात काही तासांतच जीव जाऊ शकतो. म्हणून रात्री उघडा दवाखाना कोणता हे आधीच माहीत हवं.

खर्च फक्त पिल्लाचा धरणं

दिवसाला अर्ध्या किलोच्या वर ड्राय फूड, म्हणजे महिन्याला १५ ते १८ किलो. जंताची गोळी साधारण १० किलोला एक, म्हणजे पाच. भूल, गोचिडीचं औषध, सगळं वजनावर. दिवाळीत गावी जाताना रेल्वेत कुत्रा फक्त फर्स्ट एसीत किंवा फर्स्ट क्लासमध्ये, पूर्ण कूपे (बंद केबिन) तुमचा असेल तर, नाहीतर ब्रेक व्हॅन. बोर्डिंगवाले बरेचदा मोठा कुत्रा म्हटलं की नाही म्हणतात, आधी एक रात्र ठेवून बघा.

सोसायटी बहुमताने ठराव करून कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना तशा आहेत. मार्च २०२४ मध्ये केंद्राने रॉटवायलरसकट २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं, ते एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टाने रद्द केलं, तरी आपल्या महापालिकेचा परवाना आणि सध्याचे नियम विचारून घ्या. पण कुत्रा तुमच्या निष्काळजीपणामुळे कोणाला चावला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ॲनिमल वेल्फेअर बोर्ड सोसायटीला मझलची (तोंडावर बांधायच्या जाळीची) सक्ती करू देत नाही, मी मात्र म्हणतो पिल्लू असल्यापासून जाळीच्या मझलची सवय लावा, डॉक्टरकडे उपयोगी पडते.

आणलाय आणि झेपत नाहीये

तर शेतावर नेऊन साखळीला बांधू नका. बांधलेला, माणसं न बघणारा रॉटी खरंच धोकादायक होऊ शकतो. आधी डॉक्टर आणि चांगला ट्रेनर, दोन-तीन महिने प्रामाणिकपणे. तरी जमत नसेल तर ब्रीडरला परत विचारा, नाहीतर मोठ्या कुत्र्यांचा अनुभव असलेलं, लहान मुलं नसलेलं घर शोधा, आणि देताना तो कोणाला, कधी, कशावरून चावला किंवा अंगावर गेला ते सगळं लसीच्या पुस्तकाबरोबर लिहून द्या.