किडनी प्रत्यारोपणानंतर टाक्यांची जखम घरी कशी तपासावी

गॉझ, चिकटपट्टी, थर्मामीटर, शुगर मोजायचं यंत्र घरात आहे आणि लघवी मोजून वहीत लिहायची सवय वॉर्डातच लागली आहे, हे मी धरून चालते. नाशिकमध्ये घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. पंचवटी असो की सिडको, जखमेवर नजर टाकणारे पाहुणे एकच वाक्य बोलतात: "ताप नाही ना? मग काही नाही." किडनी बदललेल्या माणसासाठी यापेक्षा वाईट सल्ला मला माहीत नाही.

१. हात साबणाने धुवा, नखांसकट. पेशंटनेही धुवायचे.

२. पट्टी हळू सोडवा. चिकटली असेल तर सलाइनने ओली करा, ओढू नका.

३. आता जखम बघा. घाई इथेच होते.

नवी किडनी पाठीत बसवत नाहीत, ओटीपोटात एका बाजूला बसवतात, आणि जुन्या किडन्या बहुतेक वेळा तशाच आत राहतात. म्हणजे चीर पोटाच्या एकाच बाजूला असते आणि दुसरी बाजू तुमच्याकडे तुलनेला आयती असते. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशा गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. लाली, पू, ताप हे सगळं त्या प्रतिकारशक्तीच्याच कामातून दिसतं. तीच दबलेली असली की जंतू आत वाढत असतात आणि थर्मामीटर ९८ दाखवतो. शिवाय प्रेडनिसोलोनमुळे जखम उशिरा भरते. म्हणून टाके किंवा पिना शेजारच्या अपेंडिक्सवाल्यापेक्षा उशिरा काढल्या तर डॉक्टरांशी वाद घालू नका.

हा भाग हाताला आणि डोळ्याला बसायला मला सर्वात जास्त वेळ लागला. पुस्तकात लाली गोऱ्या कातडीवर दाखवतात. आपल्या सावळ्या पोटावर ती लाल दिसतच नाही. कातडी काळपट, जांभळट किंवा ताणून चकचकीत झालेली दिसते. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. पालथा हात आधी चांगल्या बाजूला ठेवा, मग चिरेच्या कडेला. कड जास्त गरम आहे का? दाबल्यावर टणक लागते का? काल दुखत नव्हतं तिथे आज ठणका आहे का? रंग बदललेल्या भागाच्या कडेने पेनाने रेघ मारा. दुसऱ्या दिवशी रंग रेघेबाहेर गेला, तर त्याच दिवशी फोन करायचा. रोज सकाळी त्याच खिडकीपाशी, तेवढ्याच अंतरावरून एक फोटो काढा. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो डॉक्टरांच्या काही कामाचा नाही.

साखर हीही खूण आहे. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइडमुळे (म्हणजे प्रेडनिसोलोनमुळे) आधी मधुमेह नसलेल्यांनाही तो होऊ शकतो. वाढलेल्या साखरेत जखम चिघळते आणि जंतुसंसर्ग झाला की साखर आणखी चढते. कारण नसताना आकडे वर जायला लागले, तर पट्टी उघडून पुन्हा बघा.

४. पाणी येत असेल तर पुसून गप्प बसू नका.

जखमेतून पाणी आलं की घरचे म्हणतात, "येऊ दे, घाण निघतेय." निघणारी ती घाणच असेल असं कुणी सांगितलं? पिवळसर पाणी साध्या जखमेचं असू शकतं. ते लसिकेचंही (शरीरात वाहणारा पातळ द्रव, इंग्रजीत लिम्फ) असू शकतं, कारण किडनी बसवताना तिथल्या लसिकावाहिन्या तुटतात. आणि ती चक्क लघवीही असू शकते, मूत्रनलिकेच्या जोडातून झिरपणारी. तिन्ही दिसायला सारखी असतात. फरक प्रयोगशाळेत कळतो: पाण्यातलं क्रिएटिनिन (लघवीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) रक्तातल्यापेक्षा बरंच जास्त निघालं तर ती लघवी. वासावरून ओळखतो म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. तुमचं काम एवढंच: किती गॉझ भिजले, रंग कसा, वास आहे का आणि त्या दिवशी लघवी कमी झाली का, हे वहीत लिहा आणि ऑपरेशन केलेल्या टीमला त्याच दिवशी कळवा. दाट, गढूळ किंवा वास येणारं पाणी, उकललेली चीर, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, किडनीच्या जागी नवं दुखणं, त्याच बाजूच्या पायाला सूज यांतलं एकही दिसलं तर रात्र काढू नका. ऑपरेशन मुंबई-पुण्याला झालं असेल तर तिथल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करा, आणि जवळच्या दवाखान्यात डिस्चार्ज कार्ड घेऊन जा.

जखमेवर हळद, तूप, कोरफड, राख, कुणाच्या गुरुजींचा लेप यांतलं काहीही नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने रोज फेस काढणंही नाही. त्याने नवी कोवळी कातडी जळते.

५. मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक आणू नका.

क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीसाठीचं फ्लुकोनॅझोल घेतलं की रक्तातलं टॅक्रोलिमस चढतं, टीबीच्या रिफॅम्पिसिनने उतरतं. चढलं तर किडनीला इजा, उतरलं तर शरीर तिला नाकारण्याचा धोका. शिवाय पूचा नमुना कल्चरला (जंतू कोणता ते शोधायच्या तपासणीला) जाण्याआधी गोळी पोटात गेली तर जंतू सापडणं अवघड होतं. दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन तर अजिबात नको, ती थेट किडनीवर जातात. आणि "या गोळ्यांमुळेच जखम भरत नाही" म्हणून कुणी टॅक्रोलिमस बंद करायला सांगितलं, तर त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा.

६. डॉक्टरांनी सांगितलेलं ड्रेसिंग करा, नवी पट्टी लावा. जखम उघडी ठेवायला सांगितली असेल तर उघडी ठेवा.

डॉक्टरांनी काही टाके काढून आत गॉझ भरला असेल, तर वरची कातडी लवकर जुळावी म्हणून पट्टी आवळू नका. जखम तळापासून भरत वर यायला हवी. वरून बुजली तर आत पू साचतो.

७. जेवण. किडनी बिघडल्यावर, डायलिसिसच्या आधी, डाळ, अंडी कमी करायची सवय लागलेली असते. आता जखमेला प्रथिनं लागतात. किती, ते आहारतज्ज्ञांना विचारा. द्राक्षं नीट धुऊन चालतात, पपनस मात्र बंद, तेही टॅक्रोलिमस चढवतं.

८. जखम पूर्ण भरेपर्यंत रामकुंडात डुबकी नाही, सिंहस्थ असला तरी. घरच्या घरी अंगावर पाणी घ्यायची परवानगी डॉक्टर देतात तेव्हा घ्या, आणि जखम चोळू नका, टिपा. निफाड-दिंडोरीकडच्या मंडळींना सांगते: बागेत फवारणी, शेणखत, कांद्याच्या चाळीतली झाडलोट यांपासून टीमने हो म्हणेपर्यंत लांब राहा. माती आणि खतातली बुरशी फुफ्फुसातही जाते. पाण्याचा हंडा, खताची गोणी यांना हात लावायचा नाही. पोटाला ताण बसला तर आतली शिवण उसवून हर्निया होतो. मोटारीत बसताना सीट बेल्ट लावायचाच, फक्त चिरेवर छोटी उशी ठेवा.