कांदा चाळीतल्या सेन्सरचा डेटा लॅपटॉपवर कसा आणायचा

आमच्या चाळीत तीन नोड (मोजून पाठवणारे डबे) लावलेत, प्रत्येकात एक ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड), एक डीएचटी२२ (तापमान-आर्द्रतेचा सेन्सर) आणि लोरा मॉड्यूल (कमी पॉवरवर लांब पोचणारा रेडिओ). चाळ घरापासून लांब, वायफाय पोचत नाही म्हणून लोरा. उन्हाळ कांद्याला तापमान २५ ते ३० आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के मानवते, त्यावर गेली की सड सुरू होते आणि वास येईपर्यंत कळत पण नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

सगळे पहिलं विचारतात रेंज किती मिळते. पण खरं सांगू का, माझा डेटा हवेत फारसा हरवलाच नाही, हरवला तो शेवटच्या दोन फुटात, यूएसबी केबल ते लॅपटॉपमधली फाईल एवढ्यात.

रेडिओचं थोडक्यात. मॉड्यूल ८६८ मेगाहर्ट्झवालं घ्या, आपल्याकडे ८६५ ते ८६७ ला लायसन लागत नाही. लोराच्या लायब्ररीसोबत (तयार कोड) येणाऱ्या उदाहरणात बऱ्याचदा ९१५ टाकलेलं असतं ते नोड आणि रिसीव्हर (लॅपटॉपजवळचा ऐकणारा बोर्ड) दोन्हीकडे ८६६ करा. अँटेना लावल्याशिवाय मॉड्यूलने काही पाठवू देऊ नका, जळू शकतं. अँटेना नसेल तर साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास सरळ तार सोल्डर केली तरी काम होतं.

नोडने एकच ओळ पाठवायची, म्हणजे बघा "२,४१७,२८.६,६८.२,३.९१". नोड नंबर, पॅकेटचा नंबर, तापमान, आर्द्रता, बॅटरीचे व्होल्ट. यातला पॅकेट नंबर अजिबात सोडू नका. ४१७ नंतर थेट ४२० आला तर दोन गेले हे लगेच दिसतं, आणि परत १ पासून सुरू झाला म्हणजे नोडची पॉवर गेली होती, वायर ढिली आहे का बघा. फक्त हा नंबर आरटीसी मेमरीत (झोपेतही टिकणारी मेमरी) ठेवा, कारण बॅटरी वाचवायला नोड दोन पॅकेटच्या मधे डीप स्लीपमध्ये म्हणजे गाढ झोपेत जातो, आणि तो उठला की साधा व्हेरिएबल दरवेळी पहिल्यापासून सुरू होतो.

रिसीव्हर म्हणजे लॅपटॉपला लावलेला, लोरा मॉड्यूलवाला अजून एक ईएसपी३२, आलेली ओळ तशीच सिरीयलवर (यूएसबी केबलमधून लॅपटॉपकडे) छापायची, बस. लॅपटॉपवर त्याचा पोर्ट दिसत नसेल तर आधी केबल बदला, चार्जिंगच्या बऱ्याच केबलमध्ये डेटाच्या वायरीच नसतात. मग बोर्डावरची छोटी चिप बघा, सीएच३४० किंवा सीपी२१०२ असेल, त्याचा ड्रायव्हर टाका. लिनक्सवाल्यांनी स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये (पोर्ट वापरायची परवानगी असलेला) घालून एकदा लॉगआउट करायचं. बॉड रेट (सिरीयलचा वेग) बोर्ड आणि लॅपटॉप दोन्हीकडे ११५२००. आणि आर्डुइनोचा (बोर्डात कोड टाकायचा प्रोग्राम) सिरीयल मॉनिटर बंद करा, एका पोर्टवर एकच प्रोग्राम बसतो, नाहीतर ॲक्सेस डिनाइड येत राहतं.

आता लॅपटॉपवरची स्क्रिप्ट, पायथन आणि पायसिरीयल (पायथनला पोर्ट वाचू देणारी लायब्ररी). एक ओळ वाचा, स्वल्पविरामावर तोडून पाच तुकडे होतात का बघा, झाले तर कॉम्प्युटरची तारीख-वेळ पुढे जोडा, नाही झाले तर ती ओळ वेगळ्या फाईलीत टाका, कारण बोर्ड चालू होताना स्वतःचा पण मजकूर छापतो. सेन्सरने नॅन (आकडा मिळाला नाही) दिलं तर नॅनच लिहा, शून्य लिहिलंत तर सरासरीची वाट लागते.

फाईल 'ए' मोडने (जुन्याच्या पुढे लिहितो) उघडा, 'डब्ल्यू' ने (जुनं पुसून लिहितो) नाही. मी 'डब्ल्यू' ने उघडली होती, रात्री लाईट गेली, लॅपटॉप बंद पडला, सकाळी स्क्रिप्ट परत चालू केली आणि नऊ दिवसांचा डेटा साफ, तेही ऐन जूनमध्ये, पहिला पाऊस पडून आर्द्रता चढत होती तेव्हाचा. खूप वाईट वाटलं. तेव्हापासून रोजची वेगळी सीएसव्ही (स्वल्पविरामाने तोडलेली साधी फाईल) आणि प्रत्येक ओळीनंतर फ्लश, म्हणजे ओळ लगेच फाईलीत लिहायला लावायची. लॅपटॉपचं स्लीप बंद ठेवा. विंडोजवर चालू फाईल एक्सेलमध्ये उघडू नका, स्क्रिप्टला लिहिता येत नाही, कॉपी करून बघा.

चाळीत लावायच्या आधी एक रात्र तिन्ही नोड घरातच ठेवा. रात्री ८ ते सकाळी ६, दर १० मिनिटाला एक म्हणजे नोडमागे ६० ओळी, तिन्हीच्या १८०. दोनचार कमी असतील तर चालेल, पण दोन नोडचे नंबर एकाच वेळेला गायब दिसले तर ते एकदम बोलतायत, प्रत्येकाच्या झोपेच्या वेळेत पाचदहा रँडम सेकंद वाढवा आणि परत एक रात्र ठेवा.