खाणकामाच्या पट्ट्यातले सूत्रकृमी मोजायचे तर

चार हजार मीटर खोल समुद्रतळावरून मल्टिकोअरर (एकाच वेळी अनेक नळ्यांत तळाचा गाळ भरून आणणारं यंत्र) जहाजाच्या डेकवर आला की सगळ्यांचं लक्ष नळीतल्या गाळाकडे जातं. तुम्ही आधी गाळावरचं पाणी बघा. ते नितळ असेल आणि गाळाचा माथा ढवळलेला नसेल, तरच ती नळी ठेवायची. पहिल्या सफरीत मी दोन गढूळ नळ्या ठेवून घेतल्या होत्या. यंत्र खाली जाऊन वर यायला अख्खी सकाळ गेली होती, टाकवेना. नंतर मोजणीत न खणलेल्या जागेवर खणलेल्या पट्ट्यापेक्षा कमी प्राणी निघाले. कारण सापडायला महिना गेला: त्या नळ्यांचा वरचा मऊ थर आधीच धुऊन गेला होता. बहुतेक जीव वरच्या काही सेंटिमीटरमध्येच असतात आणि तळावर पडलेल्या धातूंच्या गाठी गोळा करणारं खाणकामाचं यंत्रही नेमका तोच थर खरवडतं.

वरचं पाणी ३२ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा आणि चाळणीवर उरलेलं पहिल्या कापात मिसळा. मग गाळ खालून दट्ट्याने ढकलत ५ सेंटिमीटरपर्यंत एकेक सेंटिमीटरचे काप घ्या, प्रत्येकाची बाटली वेगळी. टिकवायला ४ टक्के फॉर्मलिन, पण बोरॅक्स घातलेलं. नाहीतर आम्लाने चुन्याची कवचं विरघळतात. डीएनए काढायचा असेल तर फॉर्मलिन नको, तो नमुना वेगळा काढून गोठवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, बाहेरचा मार्कर पुसला जातो. गाळावर गाठ असेल तर तीही घ्या. तिच्या खाचांतले जीव वेगळे असू शकतात. मऊ ब्रशने धुऊन ते स्वतंत्र डबीत ठेवा.

प्रयोगशाळेत फॉर्मलिन धुतल्यावर (धूर ओढणाऱ्या कपाटातच, कृपा करून) गाळ लुडॉक्समध्ये (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेलं जड द्रावण) घाला. घनता १.१८ ठेवा आणि तीन वेळा सेंट्रिफ्यूज करा. गाळ खाली बसतो, प्राणी वर तरंगतात. रोझ बेंगाल या रंगाने ते गुलाबी होतात, मोजायला सोपे जातात. पण गुलाबी म्हणजे जिवंत असं समजू नका. नुकताच मेलेलाही रंग घेतो, म्हणून खणल्यानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात आकडा फसवा असतो.

मोजणी १० चौरस सेंटिमीटरमागे लिहायची. नळीचा आतला व्यास ९.५ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ७०.९, म्हणजे आकड्याला ७.०९ ने भागा. सर्वांत जास्त सूत्रकृमीच (दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी) असतील, त्यानंतर बहुधा कोपेपोड (कोळंबीच्या कुळातले बारीक जीव). त्यांतले शंभर-दीडशे सूत्रकृमी उचलून ग्लिसरीनमध्ये स्लाइडवर बसवा, आणि तोंड, शेपूट, डोक्याजवळचे गोल खड्डे बघून गट पाडा. नाव मिळणार नाही अशा जाती भरपूर भेटतील. ‘जात १’, ‘जात २’ असं लिहा, पण प्रत्येकीचं चित्र काढा. सहा महिन्यांनी ‘जात १४’ कोण होती हे कुणालाच आठवत नाही.

सर्वांत जास्त घोळ आखणीत होतो. एकाच वेळी खाली सोडलेल्या मल्टिकोअररच्या आठ नळ्या म्हणजे आठ नमुने नव्हेत, ती एकाच जागेची भावंडं. यंत्र पुन्हा पुन्हा सोडावं लागतं, आणि जहाजाचा वेळ मागताना हे ठासून सांगा. जागा किमान तीन हव्यात: प्रत्यक्ष पट्टा, उडालेला गाळ बसलेला शेजार, आणि लांबची अस्पर्श जागा. शक्य असेल तर खणण्याआधीचे नमुनेही घ्या.

पुन्हा कधी जायचं? पॅसिफिकमधल्या क्लॅरियन-क्लिपरटन भागात १९७८ मध्ये ओढलेल्या पट्ट्यावर २००४ मध्ये नमुने घेतले, तेव्हाही तिथे सूत्रकृमी शेजारच्यापेक्षा कमी होते आणि त्यांची विविधताही घटलेली होती. पॅसिफिकच्याच तळावरच्या पेरू खोऱ्यात १९८९ मध्ये नांगरलेल्या खुणा २०१५ मध्येही स्पष्ट दिसल्या. म्हणून जागेचे निर्देशांक, कापांची जाडी, चाळणीचं माप, सगळं अशा तऱ्हेने लिहून ठेवा की २६ वर्षांनी जो येईल त्याला तुम्हाला फोन करावा लागू नये.